दोन स्तंभांतली इंग्रजी



पावसाळा लागला की मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत रोज एक छोटा तक्ता छापून येतो. तुळशी, विहार, तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा. नावांपुढे आज किती पाणी आहे आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती होते, याचे आकडे. सातही तलाव काठोकाठ भरले तर सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होते आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा असतो. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात. ज्यांच्या तालुक्यात हे पाणी साठते त्यांच्याच अनेक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, हे इथे जमलेल्या कसाऱ्याच्या श्रोत्यांना सांगायला कोणा वक्त्याची गरज नाही. गंमत वेगळीच आहे. त्या तक्त्याखालच्या चार ओळींत 'कॅचमेंट', 'डिप्लीट', 'रेप्लेनिश', 'कर्टेल' असे शब्द येतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हे शब्द 'अवघड शब्द' या मथळ्याखाली असतात. मुंबईतल्या मुलाला ते पाठ करावे लागतात. इथल्या खर्डीच्या, आटगावच्या मुलाला त्या शब्दांमागची वस्तू लहानपणापासून ठाऊक असते. त्याच्याजवळ अर्थ आधीच असतो, फक्त शब्द नसतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे बातम्यांतून वरच्या पायरीची इंग्रजी शब्दसंपत्ती मिळवणे. विषय नवा वाटतो, पण मराठी माणसाने हा उद्योग जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सुरू केला आणि त्याची पद्धतही तेव्हाच ठरवून टाकली. ती पद्धत मधल्या काळात आपण विसरलो.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' निघाले. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीतले होते. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा. पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून 'दर्पण'चा गौरव दरवर्षी पत्रकार दिनी होतो, हारतुरे होतात, भाषणे होतात. पण ते निव्वळ मराठी वृत्तपत्र नव्हते, ही गोष्ट भाषणांत सहसा येत नाही. पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. बहुतेक मजकूर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी. आपल्या देशबांधवांना इंग्रजी विद्येची गोडी लागावी आणि सार्वजनिक प्रश्नांवर मोकळी चर्चा व्हावी, असा हेतू जांभेकरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवला होता. इंग्रजी शिक्षणाबद्दलचे मेकॉलेचे टिपण १८३५ सालचे. म्हणजे सरकारने इंग्रजीबद्दल धोरण ठरवण्याच्या तीन वर्षे आधी एका मराठी तरुणाने बातमीच्या पानावर इंग्रजीची शाळा भरवली होती. 'दर्पण' आधी पाक्षिक होते, काही महिन्यांतच साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. जांभेकर १८४६ मध्ये गेले, चौतिशीच्या आसपास.

या दोन स्तंभांचा वाचकाच्या अंगाने विचार करून पाहावा. इंग्रजी थोडेफार येणारा एखादा कारकून आधी मराठी स्तंभ वाचतो. काय घडले, कोणाला काय झाले, ते त्याला समजते. मग तो शेजारच्या स्तंभाकडे वळतो. तिथे अनोळखी शब्द आला तरी तो अडखळत नाही, कारण त्या जागी कोणता अर्थ बसायला हवा हे त्याला आधीच माहीत आहे. कोश शेवटी उघडायचा, तोही खात्री करून घेण्यापुरता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, 'दर्पण'च्या आदल्याच वर्षीचा. पण तो मराठीतून इंग्रजीत जाणारा. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश यायला १८४७ उजाडले. मधल्या काळात इंग्रजी वाचू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या हाताशी जी साधने होती, त्यांत शेजारचा स्तंभ हे एक मोठे साधन होते.

ही चाल 'दर्पण'बरोबर संपली नाही. १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'त इंग्रजी मजकूर असे. १८६२ मध्ये मुंबईत 'इंदुप्रकाश' निघाले, त्याची मराठी बाजू विष्णुशास्त्री पंडितांकडे आणि इंग्रजी बाजू महादेव गोविंद रानड्यांकडे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू करणारे रानडे ते हेच. विधवाविवाहाचा वाद 'इंदुप्रकाशा'त वर्षानुवर्षे दोन्ही भाषांतून चालला. १८८१ मध्ये पुण्यात टिळक-आगरकरांच्या मंडळींनी 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत काढला. दोन स्तंभांची दोन स्वतंत्र पत्रे झाली. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तेव्हा पुन्हा एकाच पत्रात दोन्ही भाषा आल्या आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. पुढे कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना गोखल्यांच्या इंग्रजीने ब्रिटिश अधिकाऱ्यांना विचारात पाडले, त्या इंग्रजीची उमेदवारी एका मराठी साप्ताहिकाच्या कचेरीत झाली होती.

इथे एक आठवण सांगायला हवी, कारण ती शब्दांच्याच किमतीची आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयीच्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला. शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आजचा इंग्रजी वार्ताहर प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीत 'अलेजेडली', 'रिपोर्टेडली', 'पर्पोर्टेडली' असे शब्द पेरतो. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला वाटते, ही भाषेची सजावट आहे. सजावट नाही, चिलखत आहे. 'त्याने पैसे खाल्ले' असे लिहिणे आणि 'त्याने पैसे खाल्ल्याचा आरोप आहे' असे लिहिणे, यांत वार्ताहराची नोकरी आणि संपादकाची कोर्टवारी एवढा फरक असतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिचे ३५६ वे कलम अब्रूनुकसानीचे. जुन्या दंडसंहितेत ते ४९९ होते. हा संदर्भ कळला की 'अलेजेडली' पाठ करावा लागत नाही.

आता कसाऱ्याकडे येऊ.

या स्टेशनाला इंग्रजी नवी नाही. मुंबईहून निघालेले रूळ १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आले आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला पोहोचले. या घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. एकटे इंजिन गाडी ओढू शकत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. त्यांना इथले लहान पोरही 'बँकर' म्हणते. कल्याणच्या पलीकडे हाच शब्द बोलला तर लोक बँकेचा अधिकारी समजतील. इंग्रजी कोशात मात्र चढावर मागून रेटणारे इंजिन हा 'बँकर'चा अर्थ नोंदलेला आहे. कॅच सायडिंग, पॉइंट, ब्लॉक, लूप, ओव्हरहेड वायर, रेक, पँटोग्राफ हे शब्द गँगमनच्या, मोटरमनच्या आणि कसारा लोकलला लोंबकळणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडात बसलेले आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात मान खाली घालणाऱ्या मुलाच्या घरात असे डझनावारी तांत्रिक इंग्रजी शब्द रोज वापरले जातात. शाळेने त्यांची कधी मोजदाद केलेली नाही. या मुलाने इंग्रजी दैनिकातली रेल्वेची बातमी उघडली तर निम्मी वाट त्याची आधीच चालून झालेली असते.

२९ ऑगस्ट २०१७ ची बातमी घ्या. मुसळधार पावसात वासिंद आणि आसनगावच्या दरम्यान नागपूर-मुंबई दुरांतो एक्स्प्रेस रुळावरून घसरली. इंजिन आणि नऊ डबे घसरले, सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. आदल्या रात्रीच्या पावसाने रुळांवर दरडीचा मलबा आला होता, चालकाला तो दिसला आणि त्याने तातडीचा ब्रेक लावला. इंग्रजी बातमीत 'डिरेल', 'लँडस्लाइड', 'बोल्डर', 'डेब्री', 'स्ट्रँडेड', 'रिस्टोर' हे शब्द आले. 'स्ट्रँडेड' हा शब्द बदलापूरकडच्या वाचकाला कोशात शोधावा लागेल, पण त्या दिवशी गाड्या बंद पडून आटगाव-खर्डीत अडकलेल्या माणसाला तो आपोआप उमगतो. जुलै २०२१ मध्ये कसारा घाटात दरडी कोसळल्या, उंबरमाळीला रूळ पाण्यात गेले, तेव्हा हेच शब्द पुन्हा आले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा भेटलेला शब्द आपलासा होतो. शब्दसंग्रहाच्या शास्त्रातली खरी गोष्ट एवढीच आहे.

या गोष्टीला अभ्यासाचा आधारही आहे. १९८९ मध्ये क्योंगहो ह्वांग आणि पॉल नेशन यांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्या दोन प्रकारे मांडून तपासल्या. एकीकडे एकमेकींशी संबंध नसलेल्या सुट्या बातम्या, दुसरीकडे एकाच घटनेच्या लागोपाठ येत राहिलेल्या बातम्या. लागोपाठच्या बातम्यांत नेहमीच्या शब्दांबाहेरचे शब्द कमी असतात आणि जे असतात ते पुन्हा पुन्हा येतात, असे त्यांना आढळले. म्हणजे दहा बातम्या वरवर चाळणाऱ्यापेक्षा एका प्रकरणाच्या दहा बातम्या वाचणारा कमी कष्टांत जास्त शब्द मिळवतो. याच नेशन यांनी २००६ मध्ये असा हिशेब मांडला की इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी विनासायास वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. विनासायास म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे, पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी. शब्दकुळे हा शब्द महत्त्वाचा आहे. 'सबमर्ज', 'सबमर्जन्स', 'सबमर्सिबल' हे एकच कूळ. विहिरीत सोडलेल्या पंपाला शेतकरी 'सबमर्सिबल' म्हणतो, त्याला 'सबमर्जन्स' म्हणजे बुडीत क्षेत्र हे सांगायला किती वेळ लागेल?

बुडीत क्षेत्र म्हटले की मुरबाड आठवते. मुरबाड तालुक्यातल्या काळू नदीवर धरण बांधायचे, त्याचे पाणी मुंबई महानगर प्रदेशाला द्यायचे, असा प्रकल्प आहे. वनजमिनीच्या परवानगीचा प्रश्न उभा राहिला, आदिवासी गावांनी आणि श्रमिक मुक्ती संघटनेने विरोध केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. तेव्हापासून ही बातमी झोपते आणि उठते. शब्द शिकायला याहून चांगले प्रकरण शोधून सापडणार नाही. 'क्लिअरन्स', 'डिस्प्लेसमेंट', 'रिहॅबिलिटेशन', 'पिटिशनर', 'कन्टेम्प्ट', 'कॉम्पेन्सेशन' हे सगळे त्यात आहेत. पण सर्वांत शिकण्यासारखा शब्द सर्वांत छोटा आहे, 'स्टे'. तिसरीच्या पुस्तकात 'स्टे' म्हणजे राहणे. 'एचसी स्टेज डॅम वर्क' असा मथळा ज्याने तिसरीच्या अर्थाने वाचला, तो समजेल की धरणाचे काम राहिले, म्हणजे चालू राहिले. नेमके उलटे. आणि पुढे 'स्टे व्हेकेटेड' आले की त्याला वाटेल, कोणी घर रिकामे केले. तिथे अर्थ असतो स्थगिती उठली, म्हणजे बुलडोझर पुन्हा येणार. जमीन जाणाऱ्या माणसाला हा फरक परीक्षेच्या गुणांपेक्षा फार महाग पडू शकतो.

'वरच्या पायरीचे शब्द' म्हणजे लांबलचक शब्द, अशी आपली समजूत शिकवण्या आणि गाइडांनी करून दिली आहे. खरे अवघड असतात ते ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूकही. 'टोल' म्हणजे नाक्यावरचा पथकर आणि 'टोल' म्हणजे मृतांची संख्याही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि २० कामगार ठार झाले. ती बातमी इंग्रजीत ज्यांनी त्या आठवड्यात रोज वाचली, त्यांनी हा शब्द दोन्ही अर्थांनी एकाच रस्त्याच्या संदर्भात पाहिला. मृतांच्या वारसांना केंद्राने दोन लाख आणि राज्याने पाच लाख रुपये जाहीर केले, तेव्हा 'एक्स ग्रेशिया' हा शब्द आला. या मदतीत कायदेशीर जबाबदारी मान्य केलेली नसते. देणारा ती आपल्या खुशीने देतो, हे त्या दोन लॅटिन शब्दांत दडलेले आहे. मराठी बातमीत 'सानुग्रह अनुदान' येते आणि वाचणारा 'अनुग्रह' वाचून पुढे जातो. दोन्ही भाषांत वाचणारा थांबतो आणि विचारतो, मग भरपाई कुठे आहे? हा प्रश्न ज्याला पडतो त्याला इंग्रजी येऊ लागली म्हणायचे.

प्रत्येक घटनेला लांब शेपूट असतेच असे नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. मार्च २०२३ मधला मोर्चा वासिंदलाच थांबला. 'ब्लिस्टर', 'वेव्हर', 'अशुअरन्स', 'कॉल्ड ऑफ' हे त्यातले शब्द. आठ-दहा दिवसांची मालिका, पण त्या दहा दिवसांत ते शब्द इतक्या वेळा येतात की विसरायची सोय राहत नाही. राजकारणाचेही तसेच. जून २०२२ नंतरच्या राज्यातल्या सत्तासंघर्षाने 'व्हिप', 'फ्लोअर टेस्ट', 'डिफेक्शन', 'डिसक्वालिफिकेशन' हे शब्द चहाच्या टपरीवर आणले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला गेल्यामुळे पूर्वीची स्थिती पुन्हा आणता येणार नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी ते 'स्टेटस को अँटे' या लॅटिन शब्दांत दिले. तीन शब्द लॅटिन आणि त्यांचा अर्थ शहापूरच्या एसटी स्टँडवरच्या माणसाला आधीच तोंडपाठ. कुठल्याही शिकवणी वर्गाला हे जमले नसते.

आता दुसरी बाजू. बातमीची इंग्रजी म्हणजे सगळी इंग्रजी नव्हे, आणि भारतीय बातमीची इंग्रजी तर त्याहून नव्हे. मथळ्यात जागा कमी असते म्हणून तिथे 'मल्स', 'स्लॅम्स', 'नॉड', 'रो', 'प्रोब', 'नॅब' असे आखूड शब्द नांदतात. सरकार विचार करते ते 'मल्स', मंजुरी देते तो 'नॉड'. ही मथळ्यांची बोली आहे. नोकरीच्या अर्जात कोणी 'आय ॲम मलिंग युअर ऑफर' असे लिहिले तर वाचणारा हसेल. 'मेगाब्लॉक' लंडनच्या माणसाला कळणार नाही. 'लाठीचार्ज', 'बंद', 'घेराव', 'रेल रोको' हे आपण इंग्रजीला दिलेले शब्द. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते कुठे चालतात आणि कुठे नाही याचे भान हवे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात सतत येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी तयार केली. ती कुळे अभ्यासग्रंथांतला सुमारे १० टक्के मजकूर व्यापतात, वर्तमानपत्रांतला सुमारे ४ टक्केच. म्हणजे महाविद्यालयीन अभ्यासासाठी नुसत्या बातम्या पुरत नाहीत. अग्रलेख आणि विश्लेषणाचे लेख वाचावे लागतात, विज्ञानाची पाने वाचावी लागतात.

परीक्षांचा विषय टाळता येत नाही, कारण समोर बसलेल्या अर्ध्या तरुणांच्या मनात तोच असणार. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर असतो, त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. कर्मचारी निवड आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षांत इंग्रजीचा वेगळा विभाग असतो. मग मोबाइलवर रोज पहाटे 'आजचे दहा शब्द' अशी पीडीएफ येते. इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातले दहा शब्द, पुढे मराठी अर्थ, पुढे समानार्थी. महिन्याला तीनशे शब्द. अशा याद्यांवर प्रस्तुत वक्त्याचा विश्वास नाही. यादीतल्या शब्दाला शेजार नसतो. 'व्हेकेट' शेजारी 'स्टे' दिसल्याशिवाय, 'सर्व्ह' शेजारी 'नोटीस' दिसल्याशिवाय शब्द कुठे बसतो ते कळत नाही. वहीत शब्द लिहायचाच असेल तर ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहावे, तारीख आणि गावाच्या नावासकट. चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने पुन्हा उघडावे. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते.

पूर्वेकडे काम केलेल्या एका माणसाचे नाव इथे घ्यायला हवे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता येईना, कारण पुस्तकांत दुर्मिळ शब्दांची खोगीरभरती असे. वेस्ट यांनी दुर्मिळ शब्द काढून टाकून नेहमीचे घातले आणि नव्या शब्दांची पुनरावृत्ती वाढवली. १९२६ मध्ये त्यांनी बंगालमधल्या द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिले आणि १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी निघाली. अमेरिकेच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' नभोवाणीने १९५९ मध्ये सुमारे दीड हजार शब्दांत, सावकाश वाचल्या जाणाऱ्या बातम्या सुरू केल्या, त्याही याच विचाराच्या. पायाचे दोन हजार शब्द नसतील तर अग्रलेखाकडे वळू नये, हे स्पष्ट सांगायला हवे. महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होती. तरी हा पाया अनेकांचा कच्चा असतो, कारण इंग्रजीच्या तासाला पुस्तक वाचून दाखवले जाते, वाचवून घेतले जात नाही.

या भागात आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग येतो. इथल्या कितीतरी मुलांची घरची बोली ठाकरी, कातकरी किंवा वारली आहे. त्यांच्यासाठी वर्तमानपत्राची मराठीही शिकूनच येते. त्यामुळे जांभेकरांचे दोन स्तंभ इथे तीन होतात. शिक्षकाने बातमी मराठीत वाचावी, मुलांनी ती आपल्या बोलीत एकमेकांना सांगावी आणि मग इंग्रजीकडे जावे. 'वेठबिगार' हा शब्द कातकरी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या आजोबांना तो भोगावा लागला असण्याची शक्यता आहे. वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ सालचा, त्याच्या इंग्रजी नावातला 'बॉन्डेड' म्हणजे बांधलेला. हा शब्द त्याने एकदा ऐकला की पुरे.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. परदेशी वृत्तसंस्थांचे कॅमेरे फांगण्यात आले आणि ही बातमी जगभर गेली. इंग्रजीत सत्तरीतल्या, ऐंशीतल्या आणि नव्वदीतल्या माणसासाठी वेगवेगळे शब्द आहेत, 'सेप्टुअजनेरियन', 'ऑक्टोजनेरियन', 'नॉनाजनेरियन'. परीक्षेत हे 'अनेक शब्दांसाठी एक शब्द' म्हणून विचारतात. मुरबाडच्या विद्यार्थ्याने हे तिन्ही शब्द आपल्या शेजारगावच्या आज्यांकडे बघून शिकावेत, यादीतून नव्हे. त्या आज्या बाराखडी गिरवत होत्या त्या अंगठ्याऐवजी स्वतःची सही करता यावी म्हणून.

मराठीच्या बाजूलाही साधने आहेत, ती वापरली जात नाहीत. राज्य सरकारचे भाषा संचालनालय १९६० पासून आहे. न्यायव्यवहार कोश, शासन व्यवहार कोश आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश त्याने काढले आणि ते आता संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यांची मराठी कधीकधी इंग्रजीपेक्षा जड असते, ही तक्रार खरी आहे. पण 'इंजंक्शन' आणि 'स्टे' यांत फरक काय, हे तिथे नीट सापडते, आणि खिशातल्या भाषांतर यंत्राला तो दर वेळी सांगता येतोच असे नाही.

आता काय करता येईल, एवढेच बोलायचे राहिले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार मान्यता मिळालेली गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाचनालयांनी एका मराठी दैनिकाशेजारी एक इंग्रजी दैनिक ठेवावे. एखाद्या तरुण वाचकाला एकच प्रकरण नेमून द्यावे, काळू धरण असो, भातसाचा जलसाठा असो की कसाऱ्याच्या पुढचा घाट. त्याने दोन्ही भाषांतली कात्रणे एका वहीत समोरासमोर चिकटवावीत, डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. वर्षभराने ती वही वाचनालयात ठेवावी आणि पुढच्या मुलाने तिथून पुढे चालवावी. यासाठी लागतात दोन दैनिकांची वर्गणी, एक कात्री आणि डिंक. या व्याख्यानमालेच्या संयोजकांना विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाआधी अशी निदान एक वही तयार असावी आणि ती श्रोत्यांच्या हाती फिरावी.